गुप्ते सर, तुम्ही मला विचारायला हवं होतं

नमस्कार. बसा, बसा. मी माईक घेतला म्हणून कोणी सावरून बसू नका.

गुप्तेकाकू, सरांचे जुने खेळाडू, मैदानावरचे आईबाप, आणि मागे जर्सी घालून बसलेली मुलंमुली. मी सुषमा शिगवण. टिटवाळ्याला राहते, कल्याणला माझं पोळीभाजी केंद्र आहे, आणि ओंकार शिगवणची मी आई. ह्या शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मघाशी मी मंगेशकडे माईक मागितला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला मला दिसला. मंगेश, तू सरांचा असिस्टंट, तुला काळजी वाटणारच. ही बाई आता इथेपण सुरू होणार की काय, असं तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात आलं असेल. कारण दिवाळीच्या आधी मैदानावर मी सरांना काय काय बोललेले, ते तुम्ही ऐकलंय.

ते ऐकलंत म्हणूनच आज बोलायचंय. तेव्हा चारचौघांत बोलले, तर आता पण चारचौघांतच बोललं पाहिजे. सोपं नाहीये. मध्येच थांबेन, पाणी पिईन, पण पुरं बोलूनच खाली बसेन.

गुप्ते सर ठाण्याहून रोज कल्याणला यायचे आणि आपल्या मुलांना फुटबॉल शिकवायचे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांनी किती खेळाडू घडवले ते आत्ताच मंगेशने सांगितलं. मी दुसरंच सांगते. सर मुलांना बाहेरगावी स्पर्धेला न्यायचे ना, तेव्हा छापील फॉर्मवर पालकांची सही घेऊन मोकळे व्हायचे नाहीत. घरी यायचे. प्रत्येकाच्या घरी. आंबिवलीला असो, विठ्ठलवाडीला असो. आणि आईला विचारायचे. आईच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय समोरचा चहा उचलायचे नाहीत.

ओंकार अकरा वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा आलेले आमच्याकडे. म्हणाले, "शिगवणताई, ओंकारला पाच दिवस कोल्हापूरला न्यायचं आहे. आपली परवानगी हवी." मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. तर म्हणाले, "त्यांच्याशी मी बोललो आहे. आता तुम्हाला विचारतोय."

खरं सांगू? लग्न होऊन त्या घरात आलेले तेव्हापासून मला कोणी असं समोर बसून विचारलेलं नव्हतं. मग मीपण सोडलं नाही. झोपणार कुठे, खाणार काय, तिकडे तिखट फार असतं, ह्याला सर्दी झाली तर कोण बघणार? सरांनी एकेका गोष्टीचं उत्तर दिलं. अर्धा तास. चहावर साय धरली. शेवटी मी हो म्हटलं आणि त्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला. तेव्हापासून बारा वर्षं. ओंकारचं काहीही ठरवायचं असेल तर सर आधी मला विचारायचे. बारा वर्षांत एकदाच नाही विचारलं.

ते ह्या सीझनमध्ये.

हा सीझन कसा गेला ते फुटबॉलवाल्यांना माहितीये. पण इथे काकूंचे नातेवाईक आहेत, बिल्डिंगमधली माणसं आहेत, त्यांच्यासाठी सांगते. ओंकारला देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका क्लबने घेतलेलं. बाहेरच्या राज्यातला क्लब. लेफ्ट बॅक खेळतो तो. म्हणजे डाव्या बाजूने समोरच्याला अडवायचं आणि संधी मिळाली की स्वतःच पळत सुटायचं. पावसाळ्यात कॅम्पला बोलावणार होते. बॅग भरून तयार होती. आणि लीगच थांबली. वरच्या लोकांचे आपसातले करार संपत आलेले, नवे होईनात. सुरू होणार की नाही, कधी होणार, कोणालाच सांगता येईना. क्लबचा मेसेज आला तो ओंकारने मला वाचून दाखवला. घरीच थांबा, पुढील सूचना मिळेपर्यंत.

पुढील सूचना मिळेपर्यंत. हे शब्द मी आधीपण वाचलेत. ओंकारचे बाबा आंबिवलीला कंपनीत होते. ते काय, तिथे खांबाजवळ बसलेत. ती कंपनी बंद झाली तेव्हा गेटवर हेच लावलेलं. हे रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे. आज उघडेल, उद्या उघडेल. दोन वर्षं बसले. गेट काही उघडलं नाही. अजूनपण त्या बाजूला गेलो की हे मान वळवून बघतात. म्हणून ओंकारने तो मेसेज वाचला तेव्हा मी त्याला तो परत वाचायला लावला. बाकीच्यांना तो फुटबॉलचा मेसेज वाटला असेल, मला नाही वाटला.

सरांना मात्र सीझनवर भरवसा होता. "सुरू होईल हो ताई. एवढा मोठा देश आहे, लीगशिवाय राहील का?" त्याच सुमाराला आपल्या भारताच्या मुलींचा संघ आशियाई स्पर्धेला पात्र ठरला. ह्या अख्ख्या सीझनमधली तेवढीच एक चांगली बातमी. सर पेढे घेऊन थेट माझ्या केंद्रात. पोळ्या लाटणाऱ्या माझ्याकडच्या चौघींना म्हणतात, "लाटता काय नुसत्या! आपल्या मुली परदेशात जाऊन जिंकल्या!" आमच्या रंजनाने विचारलं, सर, तिकडे त्यांना पोळ्या कोण देतं? सर इतके हसले, इतके हसले, की आट्याच्या गोणीवरच बसले. पँट पांढरी करून घरी गेले. काकू, त्या दिवशी तुम्हाला प्रश्न पडला असेल, तर ती आमच्याकडची कणीक होती.

मी त्यांना तसं हसताना परत नाही बघितलं.

आता जे सांगायचंय ते सांगते. श्रावणात एका सरकारी खात्याची खेळाडूंसाठी भरती निघालेली. ओंकारने ट्रायल दिली, हे मला माहीत होतं. निकाल काय रे, म्हणून मी विचारायचे. अजून काही आलं नाही, म्हणायचा. आलेलं. जॉइनिंग लेटर आलेलं. कायमची नोकरी, अमुक तारखेच्या आत हजर व्हा. ते घेऊन ओंकार पहिला घरी नाही आला, सरांकडे गेला. सर म्हणाले, "जाऊ नकोस. तिथे गेलास की खात्याच्या संघाकडून खेळावं लागेल, क्लब सुटेल. देशाच्या संघाच्या माणसांनी तुला पाहून ठेवलंय. महिनाभरात लीग सुरू होईल. थांब." ओंकार म्हणाला, आईला काय सांगू? सर म्हणाले, "आईला मी सांगतो."

आईला मी सांगतो. आणि आले हो सर सांगायला. तीनदा आले. ते त्याच्यासाठी आलेले हे मला फार नंतर कळलं.

पहिल्यांदा आले ते श्रावणातच. दहा घडीच्या पोळ्या घेतल्या. तुम्हा दोघांच्या घरात दहा पोळ्या कशाला, असं मी चेष्टेने विचारलंपण. पावसावर बोलले आणि गेले. दुसऱ्यांदा गणपतीत. मोदकांच्या ऑर्डरी, पाय ठेवायला जागा नाही. "ताई, जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, सर, आज माफ करा, नंतर या. तर लगेच, "हो, हो, तुम्ही गडबडीत आहात." जणू सुटलेच. तेव्हा तारीख गेलेली नव्हती. हे मला सारखं आठवतं. तेव्हा तारीख गेलेली नव्हती आणि मीच त्यांना नंतर या म्हटलेलं.

तिसऱ्यांदा आले ते पितृपक्षात. काम नव्हतं फारसं. मी स्टूल दिलं, चहा ठेवला. आणि सरांनी चहा लगेच उचलला. काही न विचारता, गरम गरम, घाईघाईने प्यायले. बारा वर्षांत असं झालेलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ह्या माणसाने काहीतरी केलंय. मला वाटलं, दमले असतील.

मग दिवाळीच्या आधीचा आठवडा. भारताच्या पुरुषांच्या संघाची मॅच होती, आपल्याच घरच्या मैदानावर. आधी गोल आपण केला. मग दोन खाल्ले. आणि आशियाई स्पर्धेच्या बाहेर. ओंकार टीव्हीसमोरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. माझी साफसफाई चालू होती, म्हणून मी त्याची किट बॅग धुवायला घेतली. तळाला, नडगीला बांधायच्या शिन गार्डच्या खाली, चार घड्या घातलेला कागद. मी वाचला. तारीख वाचली. परत वाचली. तारीख उलटून महिना होऊन गेलेला.

विचारलं तर म्हणाला, "अगं आई, सर तुला सांगणार होते."

सकाळी चकलीची भाजणी तशीच टाकून मी मैदानावर गेले. पुढचं तुम्ही ऐकलंय. मी म्हटलं, तुम्हाला काय जातंय थांब म्हणायला? बारा वर्षं मला विचारत आलात, आणि विचारायची खरी वेळ आली तेव्हा चहा पिऊन गेलात! माझ्या घरातला एक बाप गेटवर बसून संपला, आता पोराला पण बसवताय? हे मी बोलले आणि ह्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. सर चुकले. आज फोटोला हार घातलाय म्हणून ते बरोबर होत नाहीत. मंगेश, थांब, खुणा करू नकोस. मला बोलू दे.

कारण त्याच्यानंतर मी आणखी एक वाक्य बोलले. काकू, ते तुमच्यापर्यंत आलंच असेल. मी म्हटलं, तुमचा स्वतःचा मुलगा असता तर असं केलं असतंत का?

सरांच्या हातात शिट्टी होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "स्वतःचा असता तर बहुतेक नोकरीवर पाठवला असता, ताई. चूक माझी आहे." मग शिट्टी मंगेशकडे दिली आणि जाऊन बाकावर बसले.

काकू, मला ते वाक्य बोलायला नको होतं. रागात निघून गेलं असं मी नाही म्हणणार. मला माहीत होतं ते कुठे लागेल, म्हणूनच मी ते काढलं. तुम्ही दोघांनी ते दुःख कधी कोणाला दाखवलं नाही. दर दिवाळीला पन्नास पोरांना घरी बोलावून फराळ वाढलात. त्याच दिवाळीच्या तोंडावर मी असं बोलले. सगळ्यांसमोर बोललेले, सगळ्यांसमोर माफी मागते. तुम्ही ती द्यावी असं काही नाही. मागायची मला होती.

त्याच्यानंतर सरांनी काय केलं माहितीये? त्या खात्याच्या ऑफिसात गेले. एकदा नाही, तीनदा. साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहिले. माझ्यामुळे झालं, मुलाला अजून एक संधी द्या, म्हणून. ते सांगायला केंद्रात आले, पण आत नाही आले. पायरीच्या खालीच उभे. "जागा भरली, ताई. प्रतीक्षा यादीतला मुलगा लागला." आणि मग काय म्हणाले? "मुलगा चांगला आहे. मी त्याला खेळताना पाहिलंय."

म्हणजे बघा! माझ्या पोराची नोकरी दुसऱ्याला लागली आणि हा माणूस मला सांगतोय तो मुलगा चांगला आहे. मी म्हटलं, माझं अभिनंदन कळवा त्याला, आणि डब्याचं झाकण आपटलं. हसताय तुम्ही. हसा. सर होतेच तसे. चांगला खेळणारा पोरगा दिसला की तो कोणाचा आहे हे त्यांना दिसायचंच नाही. ह्याच स्वभावामुळे माझा पोरगा इतका पुढे गेला आणि त्याच्यामुळेच त्याची नोकरी गेली.

मग थंडी. देशाचा संघ शेजारच्या देशाकडून हरला. लीगची आज बातमी यायची, उद्या ती खोटी ठरायची. ओंकारचे काही मित्र कामाला लागले. कोण भिवंडीच्या गोदामात, कोण गाडीवर पार्सल पोचवायला. आणि सर रोज सकाळी पहिल्या गाडीने ठाण्याहून यायचे, एकट्या ओंकारकडून सराव करून घ्यायला. सत्तरीचा माणूस. स्वेटर, माकडटोपी, हातात मैदानावर मांडायचे प्लास्टिकचे कोन. रोज. जणू परवाच मॅच आहे. मी केंद्र उघडायला जाताना मैदानाच्या कडेने जायचे. सर मला बघून हात जोडायचे. मी मान हलवायचे आणि पुढे जायचे. तेवढंच. तीन महिने तेवढंच.

शेवटी लीग सुरू झाली. उशिरा, कापून छोटी केलेली, पण झाली. क्लबने ओंकारला बोलावलं. पहिल्या मॅचला तो दुसऱ्या हाफमध्ये उतरला. आम्ही पोळ्या थांबवून मोबाईलवर बघितलं. त्याने डावीकडून पळत जाऊन गोलसमोर असा एक क्रॉस मारला, की रंजनाने लाटणंच फेकलं. मला सरांना फोन करावासा वाटला. नंबर काढलापण. मग म्हटलं, करू देत त्यांना आधी. त्यांनी नाही केला. त्यांना वाटलं असेल, ताईंनी करावा.

आणि मग सर हॉस्पिटलात. न्यूमोनिया. माकडटोपी घालून काही उपयोग झाला नाही. मंगेशने कळवलं तेव्हा मी मऊ भात केला, मेतकूट घेतलं, आणि गेले. सर चौथ्या मजल्यावर. मी खाली लिफ्टसमोर उभी. दार उघडलं, बंद झालं. परत उघडलं, परत बंद झालं. मी डबा वॉचमनकडे दिला. म्हटलं, उद्या येईन, उद्या नीट बोलेन. काकू, तो भात माझा होता. कोणी दिला ते तुम्हाला कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गेले.

ओंकार आलेला खांदा द्यायला. त्याच दिवशी परत गेला, क्लबने तेवढीच सुटी दिलेली. आज त्याची मॅच आहे, म्हणून तो इथे नाही. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, मी फॉर्म भरला." मी म्हटलं, कसला? म्हणाला, "दुसऱ्या एका खात्याची भरती निघालीये. क्लबचं कॉन्ट्रॅक्ट ह्या सीझनबरोबर संपतंय. पुढच्या सीझनचं कोणी काही बोलत नाही, परत हेच होणार. नोकरी लागली की जातो मी. बास झालं. तुला हेच पाहिजे होतं ना?"

हो. हेच पाहिजे होतं. ह्याच्यासाठी मी मैदानावर जाऊन तमाशा केला. ह्याच्यासाठी तीन महिने एका म्हाताऱ्या माणसाच्या नमस्काराला नुसती मान हलवली. मी त्याला म्हटलं, बरं केलंस बाळा. फोन ठेवला आणि कणकेच्या परातीसमोर बसून अशी रडले, की रंजनाने शटर अर्धं खाली ओढलं.

कशाला रडले? त्याचा आवाज ऐकून रडले. अंगात ताप असला तरी बूट घालून दारात उभा राहणारा पोरगा. आणि तो मला असं सांगत होता, जसं काही गॅस संपलाय, नवीन सांगितलाय. त्याला वाईटसुद्धा वाटत नव्हतं. तेवीस वर्षांचा आहे हो तो.

त्या वेळी मला कोण पाहिजे होतं सांगू? सर पाहिजे होते. त्यांनी पायरीशी येऊन म्हणावं, ताई, त्याला सोडू देऊ नका. आणि मी भांडावं. कडकडून भांडावं. बारा वर्षं मी नोकरीच्या बाजूने ओढायचे, कारण मला माहीत होतं, खेळाच्या बाजूने सर धरून बसलेत. ते सोडणार नाहीत ह्या भरवशावर मी एवढ्या जोरात ओढत होते. आता त्या बाजूला कोणी नाही. पोरगा सरळ माझ्याकडे आला.

मुलांनो, तुम्हाला मी काय सांगू? खेळा म्हणू? सोडा म्हणू? लीग परत थांबली तर तुमच्या आयांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की थांबवा पोरांना? आणि नका थांबू म्हणून सांगायलापण माझी जीभ रेटत नाही. सर असते तर त्यांनी काहीतरी ठाम सांगितलं असतं. चुकीचं का असेना, ठाम सांगितलं असतं.

सर, तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं. तुम्ही परत विचारलं असतंत, मी परत नाही म्हटलं असतं. पण आपण दोघं बोललो असतो. आता तुम्हाला एक सांगते, घरात कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांना पण आत्ताच कळतंय. ओंकारला ती नोकरी लागू नये असं मला वाटतंय. रोज दिवा लावते तेव्हा तेच मनात येतं आणि मला माझीच भीती वाटते. हे ऐकून हसले असते असे एकटे तुम्हीच होतात.

चला, उभे राहूया सगळे. मुलांनो, तुम्हीपण उठा. काकू, तुम्ही बसूनच राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मीपण नाही बोलणार.

सर, नमस्कार करते.